संगणकीय अभिकल्पातील रंगरक्षण

संगणकीय अभिकल्पातील रंगरक्षण : एका संगणक प्रणालीत तयार केलेले यंत्रभागाचे किंवा अनेक भागांच्या जोडणीचे त्रिमितीय प्रतिमान दुसऱ्या प्रणालीत आयात करताना त्यातील भागांना व पृष्ठांना दिलेले रंग जसेच्या तसे टिकविण्याच्या क्रियेस रंगरक्षण असे म्हणता येईल. वरवर पाहता ही बाब शोभेची वाटते. भागाची लांबी, रुंदी, छिद्रांचे व्यास व पृष्ठांची वक्रता बिनचूक उतरली म्हणजे आयातीचे काम झाले, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती व प्रारंभीची मानकेही याच समजुतीवर बेतलेली होती. प्रत्यक्षात अभिकल्पकांनी रंगाला फार लवकर अर्थ जोडला. मानके करणारे रंगाला सजावट समजत राहिले आणि वापरणारे त्याला सूचना समजत राहिले. या विषयाचा सर्व इतिहास या विसंगतीतून घडलेला आहे.

साचे व ठसे बनविणाऱ्या अनेक कारखान्यांत यंत्रण करावयाचे पृष्ठ एका रंगाने, ओतल्यानंतर तसेच ठेवावयाचे पृष्ठ दुसऱ्या रंगाने आणि आटे पाडावयाचे किंवा काटेकोर मापाचे छिद्र तिसऱ्या रंगाने दाखविण्याची प्रथा आहे. संगणकातील छिद्र हा केवळ एक दंडगोल असतो. त्याचा व्यास १० मिमी. आहे एवढेच भूमिती सांगते. ते साध्या गिरमिटाने पाडून चालेल की त्यात खीळ घट्ट बसावयाची आहे, हे ती सांगत नाही. ते रंग सांगतो. असे प्रतिमान दुसऱ्या प्रणालीत नेल्यावर सर्व भाग एकाच करड्या रंगाचे झाले, तर फाइल उघडली, आकार बरोबर आला, कोणतीही चूक दाखविली गेली नाही, आणि तरीही कामगाराला आवश्यक असलेली माहिती नाहीशी झाली, अशी स्थिती उद्‌भवते. मोटारींचे भाग पुरविणाऱ्या पुणे-पिंपरी-चिंचवड परिसरातील कारखान्यांप्रमाणे ज्यांना ग्राहकाकडून परक्या प्रणालीतील फाइली घ्याव्या लागतात, त्यांना हा प्रश्न विशेष जाणवतो. हजारो भागांच्या जोडणीत तर रंग नसल्यास एक भाग दुसऱ्यापासून नजरेने वेगळा काढणेही कठीण होते.

माध्यम बदलताना रंग हरवण्याची घटना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. एकोणिसाव्या शतकातील अभियांत्रिकी कचेऱ्यांत आरेखने जलरंगांनी रंगविली जात व रंगावरून पदार्थ ओळखला जाई. ब्रिटिश प्रथेनुसार ओतीव लोखंडाला करडा, घडीव लोखंडाला प्रशियन निळा, पोलादाला जांभळट, पितळेला पिवळा व विटांच्या बांधकामाला किरमिजी रंग देत. आरेखकाच्या शिक्षणात रंगाचा पातळ थर सारखा पसरविणे हे एक स्वतंत्र कौशल्य मानले जाई. सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधून काढलेली नीलमुद्रणाची पद्धत १८७० नंतर कचेऱ्यांत व कारखान्यांत रूढ होऊ लागली आणि ही परंपरा अल्पावधीत मागे पडली. पारदर्शक कापडावर काळ्या शाईने काढलेल्या आरेखनाच्या वाटेल तेवढ्या प्रती आता थोड्या खर्चात निघू लागल्या. पण प्रत्येक प्रत निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांचीच असे. तेव्हा पदार्थाचा अर्थ रंगातून काढून तिरप्या रेषांच्या निरनिराळ्या रचनांत घालण्यात आला. ओतीव लोखंडाच्या छेदासाठी एक रेषाजाल, पोलादासाठी दुसरे, पितळेसाठी तिसरे, अशी ही व्यवस्था होती. रंग गेला, परंतु अर्थ वाचला. कारण तो दुसऱ्या चिन्हात हलविण्याची तजवीज करण्यात आली. संगणकाच्या युगात ही तजवीज पुष्कळ उशिरा झाली, हे पुढे दिसून येईल.

ओतशाळेत रंगाचा सूचना म्हणून झालेला उपयोग आणखी स्पष्ट होता. वाळूचा साचा घडविण्यासाठी लागणारा लाकडी फर्मा, ज्याला कारखान्यात पॅटर्न म्हणतात, ठराविक रंगांनी रंगविला जाई [⟶ ओतकाम]. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात रूढ झालेल्या संकेतानुसार काळा रंग यंत्रण न करावयाच्या पृष्ठाचा, तांबडा यंत्रण करावयाच्या पृष्ठाचा व पिवळा गाभ्याच्या बैठकीचा होता. जर्मन मानकानुसार मात्र फर्म्याचा मूळ रंग ओतावयाच्या धातूवरून ठरे व तांबडा रंग करड्या बिडाचा, तर निळा ओतीव पोलादाचा समजला जाई. म्हणजे तोच तांबडा रंग एका देशात पृष्ठाविषयी व दुसऱ्या देशात धातूविषयी बोलत असे. रंग तंतोतंत पोहोचला तरी त्याचा अर्थ पोहोचतोच असे नाही, ही अडचण येथेच प्रथम ठळक झाली.

संगणकीय आरेखनाचा प्रारंभ रंगाविनाच झाला. आयव्हन सदरलंड यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६३ मध्ये सादर केलेली 'स्केचपॅड' ही प्रणाली टीएक्स-२ या संगणकाच्या ऋण किरण नलिकेवर प्रकाशरेषा काढीत असे. तिच्यात रंग नव्हता. परंतु पुढे रंगाच्या प्रश्नात कळीची ठरलेली एक कल्पना होती. एक मूळ आकृती एकदाच काढावयाची व तिच्या कितीही आवृत्त्या आरेखनात ठिकठिकाणी मांडावयाच्या. मूळ बदलले की सर्व आवृत्त्या बदलत. आजच्या जोडणीतील भाग व त्याच्या आवृत्त्या हा भेद येथूनच आला आहे. १९७० नंतरच्या दशकात कचेऱ्यांत आलेल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या संग्राहक नलिकांवर चित्र हिरवट छटेचे व एकरंगीच असे. रंग दिसे तो कागदावर, लेखणीच्या आरेखक यंत्रात. या यंत्राच्या फिरत्या चकतीत किंवा मांडणीत निरनिराळ्या रंगांच्या व जाडीच्या लेखण्या बसविलेल्या असत आणि आज्ञावली फक्त लेखणीचा क्रमांक सांगे. दुसऱ्या क्रमांकाच्या जागी कोणत्या रंगाची लेखणी खोचली आहे, हे यंत्रासमोर बसलेल्या माणसाला ठाऊक असे. फाइलला ठाऊक नसे. रंग म्हणजे एक लहान पूर्णांक ही कल्पना या सवयीशी जुळणारी होती आणि ती पुढील दोन दशके टिकली.

निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रणालींमध्ये माहितीची देवघेव करण्याचा पहिला व्यापक प्रयत्न अमेरिकेत झाला. नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌सचे रॉजर नेगल, जनरल इलेक्ट्रिकचे फिलिप केनिकॉट व बोइंगचे वॉल्टर ब्रेथवेट यांनी तयार केलेला व आयजीईएस या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा विनिर्देश १९८० च्या प्रारंभी प्रसिद्ध झाला व १९८१ मध्ये त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकात स्थान मिळाले. त्याच्या फाइलची ओळ छिद्रित पत्रांच्या परंपरेनुसार ८० अक्षरांची असते. प्रत्येक रेषा वा पृष्ठ यांची निर्देशिकेत वीस रकान्यांची नोंद असते आणि विकसित झालेल्या स्वरूपात तिचा तेरावा रकाना रंगक्रमांकाचा आहे. शून्य म्हणजे रंग दिलेला नाही. १ काळा, २ तांबडा, ३ हिरवा, ४ निळा, ५ पिवळा, ६ किरमिजी, ७ हिरवट निळा व ८ पांढरा. हे आठ रंग अपुरे पडतात, असे दिसून आल्यावर स्वतंत्र रंगव्याख्येची सोय करण्यात आली. तीत तांबडा, हिरवा व निळा या घटकांचे प्रमाण शेकड्यात देतात आणि रकान्यात ऋण संख्या लिहून त्या व्याख्येकडे निर्देश करतात. आयात करणाऱ्या एखाद्या आज्ञावलीने ऋण संख्येचा हा संकेत पाळला नाही की रंग हरवतो. भूमितीला मात्र धक्का लागत नाही. चूक लक्षात येत नाही, ती यामुळे.

याच सुमारास वैयक्तिक संगणकावरील आरेखनाची वाट वेगळी फुटली. ऑटोडेस्क कंपनीची 'ऑटोकॅड' ही प्रणाली १९८२ मध्ये बाजारात आली व तिच्याबरोबर आलेली डीएक्सएफ ही फाइल-पद्धती अनेक कंपन्यांनी स्वीकारली. तिच्यातही रंग हा क्रमांकच होता, पण क्रमांकांचा अर्थ निराळा होता. तिच्यात १ म्हणजे तांबडा, २ पिवळा, ३ हिरवा, ४ हिरवट निळा, ५ निळा, ६ किरमिजी. आणि ७ हा पडद्याची पार्श्वभूमी काळी असल्यास पांढरा व पांढरी असल्यास काळा. दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्यास हिरवा व किरमिजी हे दोनच रंग दोहोंत एकाच क्रमांकाचे आढळतात. क्रमांक जसाच्या तसा उचलणाऱ्या रूपांतरात पिवळी रेषा निळी व निळी रेषा हिरवट निळी होणे यात नवल नव्हते. शिवाय रंग रेषेला थेट न देता ती ज्या थरात आहे त्या थराचा रंग घ्यावा, असेही सांगता येई. २५६ हा क्रमांक त्यासाठी राखून ठेवला होता. अशा वेळी थरांची माहिती आयातीत गळाली की थरांवर अवलंबून असलेले सर्व रंग तिच्यासोबत जात. तीन घटकांनी ठरविलेला खरा रंग या पद्धतीत ऑटोकॅडच्या २००४ या आवृत्तीपासून आला. तोपर्यंत क्रमांकाची सवय उद्योगाच्या हाडीमांसी खिळली होती.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ मध्ये हाती घेतलेल्या व 'स्टेप' या नावाने प्रसिद्ध असलेल्या आयएसओ १०३०३ या मानकाचे पहिले भाग १९९४ मध्ये प्रकाशित झाले. त्याची रचना अधिक विचारपूर्वक झाली होती. दृश्य सादरीकरणाचा एक स्वतंत्र भाग आरंभापासून होता व रंगाची व्याख्या ० ते १ यांमधील तीन संख्यांनी करता येत होती. तथापि मानक प्रत्यक्षात वापरले जाई ते उद्योगनिहाय संहितांच्या द्वारे, आणि १९९४ च्या एपी २०३ या संहितेत भूमिती, जोडणीची रचना व अभिकल्पाच्या मंजुरीची नोंद यांना स्थान होते. रंग व थर यांना नव्हते. मोटार उद्योगासाठी केलेल्या व २००१ मध्ये मानक झालेल्या एपी २१४ या संहितेत ते होते. त्यामुळे पुष्कळ प्रणालींत निर्यात करताना दोन पर्याय दिसत व नकळत पहिला निवडला की रंग फाइलमध्ये लिहिलेच जात नसत. घेणारा आपल्या आज्ञावलीला दोष देई, देणाऱ्याला आपल्या पडद्यावर सर्व रंग दिसत असत, आणि दोघांचीही आज्ञावली मानकाप्रमाणे बिनचूक असे. रंगरक्षणाच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ या एका निवडीत होते, असे म्हणणे चुकीचे ठरणार नाही. एपी २०३ मध्ये रंगांचा समावेश २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत झाला आणि २०१४ मध्ये दोन्ही संहिता एपी २४२ या नव्या संहितेत एकत्र करण्यात आल्या. देवघेवीतील दोषांची किंमत लहान नव्हती. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी १९९९ मध्ये केलेल्या एका अभ्यासात तेथील मोटार उद्योगाच्या पुरवठा साखळीला माहितीच्या सदोष देवघेवीमुळे वर्षाला किमान १०० कोटी डॉलरचा भुर्दंड पडतो, असा अंदाज काढण्यात आला होता. त्यात रंगाचा वाटा वेगळा काढलेला नाही. पण हरवलेली सूचना पुन्हा विचारून घेणे, प्रतिमान पुन्हा रंगविणे ही कामे अशाच खर्चात मोडतात.

फाइलमध्ये रंग असूनही तो न दिसण्याची कारणे वेगळी आहेत. स्टेपमध्ये रंग घनाकृतीच्या आत लिहिलेला नसतो. 'या आकृतीला ही शैली' अशी एक स्वतंत्र नोंद असते व तिच्यापासून पृष्ठाची बाजू, भरावयाचे क्षेत्र इत्यादींमधून जाणारी सुमारे आठ नोंदींची साखळी अखेर तीन संख्यांपाशी पोहोचते. भूमिती वाचणाऱ्याला या साखळीची गरज नसते, म्हणून केवळ भूमितीसाठी लिहिलेली आज्ञावली तिच्याकडे पाहतही नाही. मात्रा डेटाव्हिजन या फ्रेंच कंपनीने १९९९ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या 'ओपन कॅस्केड' या आज्ञावली-संग्रहात हा भेद स्पष्ट दिसतो. त्यातील स्टेपचा साधा वाचक फक्त आकार देतो. नावे, थर व रंग हवे असतील तर दुसरा, दस्तऐवजाच्या स्वरूपात माहिती ठेवणारा वाचक वापरावा लागतो. 'फ्रीकॅड' ही मुक्त प्रणाली याच संग्रहावर उभी आहे व तिच्यात रंगांसह आयात होते ती या दुसऱ्या मार्गाने.

याहून अवघड प्रश्न रंग कोणाचा, हा आहे. रंग भागाला, भागातील एखाद्या घनाकृतीला, एका पृष्ठाला किंवा जोडणीतील भागाच्या एका आवृत्तीला दिलेला असू शकतो. एका यंत्रात चार सारखे बोल्ट आहेत व त्यांपैकी एकच तपासणीसाठी तांबडा केला आहे, अशी कल्पना केल्यास अडचण ध्यानात येईल. मूळ भाग एकच असल्याने रंग त्याला जोडला तर चारही तांबडे होतात. जोडला नाही तर एकही होत नाही. यासाठी स्टेपमध्ये आधीच्या शैलीवर मात करणारी शैली लिहिण्याची सोय आहे, पण ती प्रत्येक प्रणाली सारख्याच रीतीने लिहीत व वाचत नाही. पृष्ठाचा रंग व आवृत्तीचा रंग यांत विरोध आल्यास कोणाचे चालावे, याचे उत्तरही प्रणालीगणिक बदलते. त्यात आयात करताना भूमितीची डागडुजी होते ती वेगळीच. काही प्रणाली पूर्ण दंडगोल एका पृष्ठाने दाखवितात, काही तो उभा चिरून दोन अर्ध्या पृष्ठांनी दाखवितात. रूपांतरात एकाची दोन पृष्ठे झाली तर रंग दोघांना वाटून द्यावा लागतो. लगतची दोन पृष्ठे सांधून एक केली व त्यांचे रंग भिन्न असले तर एकाला मुकावे लागते. अशा ठिकाणी निर्दोष उत्तर अस्तित्वातच नाही आणि ज्या रंगाला अर्थ आहे ती पृष्ठे सांधू न देणे हाच त्यातल्या त्यात बरा उपाय ठरतो.

मानकात रंगाला जागाच न ठेवल्यास काय घडते, याचे बोधप्रद उदाहरण एसटीएल या फाइल-पद्धतीचे आहे. थर चढवून वस्तू घडविणाऱ्या यंत्रांसाठी अमेरिकेतील थ्रीडी सिस्टिम्स कंपनीच्या प्रेरणेने १९८७ मध्ये ती तयार झाली. तिच्यात वस्तूचे पृष्ठ त्रिकोणांनी व्यापतात; द्विमान स्वरूपात प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट लागतात. त्यांपैकी ४८ संख्यांसाठी खर्ची पडतात व शेवटचे दोन रिकामे ठेवलेले होते. या रिकाम्या जागेत रंग घालण्याची युक्ती दोन गटांना स्वतंत्रपणे सुचली. दोघांनीही पंधरा अंकस्थाने घेऊन प्रत्येक घटक रंगाला पाच दिली. मात्र 'व्हिसकॅम' व 'सॉलिडव्ह्यू' या आज्ञावलींनी सर्वांत खालची पाच स्थाने निळ्याला दिली, तर 'मॅजिक्स' या आज्ञावलीने तीच तांबड्याला दिली. उरलेल्या सोळाव्या स्थानाचा अर्थही दोघांनी उलट घेतला. एकीकडे तेथील १ म्हणजे त्रिकोणाचा रंग ग्राह्य, दुसरीकडे तेथील ० म्हणजे त्रिकोणाला स्वतःचा रंग आहे. परिणामी एकाची फाइल दुसऱ्याच्या संकेताने वाचल्यास तांबडे भाग निळे व निळे तांबडे दिसतात किंवा रंगच दिसत नाहीत. रंगाला अधिकृत जागा देणाऱ्या एएमएफ व थ्रीएमएफ या पद्धती अनुक्रमे २०११ व २०१५ मध्ये पुढे आल्या. तरीही एसटीएल मागे पडलेली नाही.

अमेरिकेतील पीडीईएस व जर्मनीतील प्रोस्टेप या संघटनांच्या पुढाकाराने प्रणाली-निर्माते एकमेकांच्या फाइली नियमितपणे तपासून पाहतात. या चाचण्यांत आकारमान व गुरुत्वमध्य यांबरोबर रंग व थर टिकले का, हेही पाहिले जाते आणि शैली कशी लिहावी यासंबंधी शिफारशी प्रसिद्ध केल्या जातात. परिस्थिती सुधारली ती केवळ मानकांमुळे नव्हे, तर बऱ्याच अंशी या कंटाळवाण्या परंतु चिकाटीच्या कामामुळे. एपी २४२ मध्ये याखेरीज सह्यता, पृष्ठाचा खडबडीतपणा यांसारख्या सूचना संगणकाला वाचता येतील अशा रीतीने थेट पृष्ठाला जोडण्याची सोय आहे. नीलमुद्रणाच्या काळी रंगाचा अर्थ रेषाजालात हलविला गेला, तसाच तो येथे शब्द व संख्या यांत हलविता येतो. त्यासाठी देणारा व घेणारा या दोघांच्याही प्रणालीत ती सोय असावी लागते आणि लहान कारखान्यांत ती पुष्कळदा नसते. स्टेपमधील रंगाच्या नोंदीत तीन संख्यांच्या आधी रंगाच्या नावासाठीही एक जागा आहे, परंतु बहुतेक फाइलींत ती कोरीच आढळते. म्हणून कोणता रंग कोणत्या कामाचा, हे सांगणारा तक्ता प्रतिमानासोबत वेगळ्या कागदावर पाठविण्याची जुनी प्रथा अनेक ठिकाणी अद्याप चालू आहे.